सव्वाचारचा सूर्यास्त

मी बेळगावातल्या एका आयटीआयमध्ये मुलांना यंत्रं वापरायला आणि ती नीट सांभाळायला शिकवतो, आणि आमच्या घरातल्या एकाही यंत्राला हात लावायची मला परवानगी नाही.

ही बंदी एका दिवसात आलेली नाही. सुरुवात मिक्सरपासून झाली. तो मी उघडला, साफ केला, पुन्हा बसवला आणि तीन स्क्रू उरले. (कंपनीवाले जास्तीचे घालतात, असं मी त्या वेळी ठामपणे सांगितलं होतं.) मग इस्त्रीची वायर झाली. मग पाण्याचा फिल्टर. तो मी असा काही जोडला की शुद्ध पाणी मोरीत जायचं आणि राहिलेलं आम्ही आठ दिवस प्यायलो. माझी बायको पद्मजा बँकेत आहे, तिचा आवाज कधी चढत नाही. तिनं फ्रिजवर फक्त एक कागद चिकटवला. त्यावर वायरमन, प्लंबर आणि गॅसवाला यांचे नंबर होते आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘सुकुमार सोडून कोणालाही बोलवावे.’

वर्गात मात्र माझा दरारा आहे. तेवीस वर्षं मी तिथं उभा राहून सांगतोय, की यंत्र उघडण्याआधी त्याची वही वाचा, वापरणाऱ्या माणसाशी बोला, आणि चालू यंत्रात उगाच सुधारणा करू नका. माझी मुलं आज कारखान्यांत, डेअरीत, दवाखान्यांत मोठमोठी यंत्रं सांभाळतात. माझं ज्ञान त्यांच्या हातात गेलं की चालतं, माझ्याच हातात राहिलं की बंद पडतं. याचं कारण मला अजून सापडलेलं नाही. पद्मजाला सापडलंय, पण ती सांगत नाही.

तर असा सगळा सुखाचा संसार चाललेला असताना आक्का आमच्याकडे राहायला आली. आक्का म्हणजे माझी आई. तिची धाकटी भावंडं तिला आक्का म्हणायची, म्हणून आम्हीही आक्काच म्हणतो. वडील गेल्यावर ती निपाणीकडचं आमचं गाव सोडून बेळगावजवळच्या कंग्राळीत आमच्या घरी आली, येताना दोन पातेली, एक ट्रंक आणि एक नियम घेऊन आली. आम्ही जैन. सूर्य मावळल्यावर अन्न घ्यायचं नाही, हा नियम तिनं पंचावन्न वर्षांत एकदाही मोडलेला नव्हता. तापात नाही, लग्नकार्यात नाही, माझ्या जन्माच्या दिवशीही नाही. (मी संध्याकाळी जन्मलो. ते ती मला अजून ऐकवते.)

गावात ते सोपं होतं. मागचं दार उघडलं की सपाट रान आणि रानाच्या टोकाला सूर्य. तो टेकला की आक्का हात धुवायची. पण बेळगावात पावसाळा लागला की सूर्य जो रजेवर जातो, तो गणपतीच्या आसपास कधीतरी पुन्हा कामावर हजर होतो. त्यात चातुर्मास, म्हणजे नियम आणखी कडक. आक्का रोज गच्चीवर जाऊन आभाळाकडे बघायची आणि काळजीत खाली यायची. चुकून उशीर व्हायला नको म्हणून ती सहाऐवजी साडेपाचला जेवू लागली. मग पाचला. मग साडेचारला. जुलै लागला तेव्हा दुपारची ताटं घासून होण्याआधी संध्याकाळची वाढायला लागत होती.

मी तिला कॅलेंडरमधली सूर्यास्ताची वेळ दाखवली. ती म्हणाली की ती वेळ मुंबईची, तिथला सूर्य वेगळा. मी फोनवर बेळगावची वेळ काढून दाखवली.

"फोनला काय कळतंय रं?" आक्का म्हणाली. "त्यो तर दिवसभर तुझ्या खिशात असतोय."

मी फोन परत खिशातच ठेवला. मग तीच म्हणाली, "तू येवढा पोरांस्नी मशीन शिकवतोस. मला सूर्य मावळल्यालं सांगणारं एक मशीन करून दे की."

माझी छाती फुगली. आतून पद्मजाचा शांत आवाज आला, की मशीन यांच्या पोरांनी करायचं, यांनी नाही.

त्या वर्षी माझ्या वर्गात उचगावची रेणुका होती. शेतकऱ्याची मुलगी. घरचा पंप नववीत असल्यापासून तीच सांभाळायची. बोलणं कमी आणि हात स्वच्छ. हे काम मी तिला प्रकल्प म्हणून दिलं. दुसऱ्या दिवशी ती आराखडा काढून आणेल असं मला वाटलं होतं. तिनं तो आणला नाही. रविवारी स्कूटरवरून थेट घरी आली, रेनकोट दारात काढला आणि आक्काच्या शेजारी जमिनीवर बसली. आक्का कुठं बसून जेवते, जेवायला किती वेळ लागतो, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर कुठला रंग नीट दिसतो, सूर्य मावळला असं ती गावात नेमकं कशावरून ठरवायची, असं सगळं दोन तास विचारत आणि लिहून घेत होती. वापरणाऱ्या माणसाशी आधी बोला, हे मी तेवीस वर्षं सांगत आलोय. खरंच कुणी तसं करताना मी पहिल्यांदा बघत होतो. मी दारात उभा राहून बघतच राहिलो, इतका की आक्काला मला तिथून हाकलावं लागलं.

महिन्याभरात मशीन तयार झालं. गच्चीच्या कठड्यावर एक पारदर्शक डबी, तिच्यात उजेड ओळखणारा सेन्सर. तिथून वायर खाली स्वयंपाकघरात, आणि तिथं आक्काच्या नजरेसमोर दोन दिवे. हिरवा लागलेला असला म्हणजे दिवस आहे, जेवा. लाल लागला की हात थांबवा. ढगातल्या दुपारच्या आणि मावळतीच्या उजेडात फरक किती, हे रेणुकानं वीस-पंचवीस दिवस रोज येऊन मोजलं होतं. शिवाय दिवा खऱ्या सूर्यास्ताच्या थोडा आधीच लाल व्हावा, उशिरा कधीच नको, अशी सोय केली होती. तिची आणखी एक सूचना होती. सेन्सरच्या जोडीला आत एक छोटं घड्याळ घालूया, म्हणजे सेन्सरवर काही पडलं तरी भर दुपारी लाल दिवा लागणार नाही. ती मी फेटाळली. सोप्या यंत्रात गुंतागुंत नको, असं मी अधिकारवाणीनं सांगितलं. ती "व्हय सर" म्हणाली.

मशीन बसवलं आणि ती निघून गेली असं झालं नाही. तिनं आक्काला शिकवलं. डबी रोज सकाळी कोरड्या, मऊ फडक्यानं पुसायची. आठवड्यातून एकदा तळहात डबीवर ठेवायचा, खाली लाल लागला पाहिजे. हात काढला की हिरवा. आणि केलेलं प्रत्येक काम वहीत लिहायचं. ती वही रेणुकानं दोरीनं दिव्याखाली टांगली. आक्काचं शिक्षण चौथीपर्यंत, तेही कन्नड शाळेत. तिच्या नोंदी कन्नडमध्ये, गोल गोल, सुबक अक्षरांत येऊ लागल्या. रोजची तारीख, ‘पुसलं’ आणि सही. एकही दिवस खाडा नाही. माझ्या वर्गातल्या मुलांना मी ती वही नेऊन दाखवली आणि सांगितलं की देखभाल याला म्हणतात.

आक्काला तर नवं जगच मिळालं. गल्लीतल्या बायका आल्या की ती त्यांना गच्चीवर नेऊन तळहाताची चाचणी करून दाखवायची आणि सेन्सरवर धूळ बसली तर काय होतं ते समजावून सांगायची. मी एकदा जिन्यात उभं राहून ऐकलं. तिनं तो भाग माझ्यापेक्षा चांगला शिकवला. (मला उभं राहिलेलं बघून तिनं मला पायऱ्यांवरून घसरू नकोस म्हणून सांगितलं.)

आता अण्णामामा. हे आक्काचे थोरले भाऊ, वय चौऱ्याहत्तर, निपाणी आणि चिकोडीच्या मधे त्यांची शेती. त्या पट्ट्यात घरोघरी ठिबक आलं, सोलरचे पंप आले, पण बंद पडले की दुरुस्त कोण करणार? विकणारा फोन उचलत नाही आणि नळ्या तशाच रानात पडून राहतात. हे बघून मामांनी निपाणीतली आपली तंबाखूची जुनी वखार रिकामी केली आणि तिथं शेतकऱ्यांना ही यंत्रं वापरायला, सांभाळायला शिकवायचं ठरवलं. शिकवणारा माणूस पाहिजे होता. मी रेणुकाचं नाव सुचवलं. तिचं आयटीआयचं शिक्षण नुकतंच संपलं होतं आणि तिच्या घरी आता लग्नाचं बघूया अशी बोलणी सुरू झाली होती. हे काम मिळालं तर ती बोलणी थांबणार होती. तसं तिनं मला एकदाच, खाली बघून सांगितलं होतं.

मामांचं म्हणणं एवढंच, की एकवीस वर्षांची पोरगी, पिकल्या मिशांचे शेतकरी तिचं ऐकतील का? मी म्हटलं, तिचं काम बघा. बहिणीच्या स्वयंपाकघरातच आहे. जेवायला या.

ठरलं. श्रावणातला शनिवार. रेणुकालाही बोलावलं.

त्या दिवशी सकाळी आक्काचे दोन्ही हात पुरणात होते. पद्मजा दळण आणायला गेली होती. (ती घरी असती तर ही गोष्ट मला लिहावी लागली नसती.) आक्कानं मला हाक मारली आणि आज तेवढी डबी पुसून ये म्हणाली. मला! त्या घरात कित्येक वर्षांनी मला एखाद्या यंत्राची जबाबदारी मिळत होती. मी छत्री घेऊन गच्चीवर गेलो, डबी पुसली. इथंच मी खाली यायला पाहिजे होतं.

पण पाऊस वाढला. माझ्या मनात आलं, आज मामा येणार, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न, आणि नेमकं आजच डबीत पाणी गेलं तर? डबीच्या सगळ्या फटी रेणुकानं बुजवल्या होत्या आणि आजवरच्या पावसात थेंबही आत गेला नव्हता, ही गोष्ट मला माहीत होती. तरीही. मी खाली आलो आणि खडेबाजारातल्या एका कापड दुकानाची जाड गुलाबी पिशवी शोधून काढली. ती डबीवर उलटी घातली आणि लेंग्याच्या जुन्या नाडीनं बांधली. एक गाठ मारली, वाऱ्याचा विचार करून दुसरी मारली आणि समाधानासाठी तिसरी. खाली येऊन दिवा बघितला, तर हिरवाच! मग वहीत आक्काच्या नोंदीखाली ऐटीत लिहिलं, ‘सेन्सर पुसला. पावसापासून संरक्षण दिले.’ आणि खाली लफ्फेदार सही केली.

मामा साडेतीनला आले. ते चातुर्मासात एकासन करतात. म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं, तेही एका बैठकीत. आसन हलवायचं नाही, आणि एकदा हात धुतला की जेवण संपलं, मग थेट दुसऱ्या दिवशी. बहिणीकडे जेवायचं म्हणून ते सकाळपासून उपाशीच आले होते. चारला पानं वाढली. पुरणपोळी, कटाची आमटी, दोडक्याची भाजी, पापड, वर तुपाची वाटी. मामा पाटावर बसले, समोर हिरवा दिवा बघून मान हलवली आणि म्हणाले की झ्याक केलंय. समोरच्या पानावर रेणुका बसली होती, तिनं पोळीला हातही लावला नव्हता. मामांची अर्धी पोळी झाली. आक्का तूप वाढायला वाकली.

त्याच वेळी बाहेर आभाळ भरून आलं आणि दिवा लाल झाला.

आक्काचा हात जागीच थांबला. तुपाची धार वाटीत परत गेली. "अण्णा, थांब," ती म्हणाली.

मामांचा घास तोंडापाशी होता. तो त्यांनी ताटात ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सव्वाचार.

"सव्वाचारला सूर्य मावळला व्हय, कमल?"

"घड्याळ माणसानं लावल्यालं असतंय. ह्यो दिवा सूर्य बघून लागतोय," आक्का म्हणाली.

आम्ही सगळ्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. बेळगावचं श्रावणातलं आभाळ. त्यावरून सव्वाचार वाजलेत की सात, हे कुणालाच सांगता आलं नसतं. मी फोन काढला, तो कुणी बघितलाही नाही. मामा म्हणाले की शंका आली म्हणजे घास घ्यायचा नाही. पण हात धुतला तर दिवसाचं जेवण गेलं. म्हणून त्यांनी उष्टा हात ताटावर तसाच अधांतरी धरला आणि आसन न हलवता रेणुकाकडे बघितलं.

"पोरी, तुझा सूर्य लई लवकर घराकडं गेला की गं."

तिच्या जागी मी असतो तर पाटासकट गच्चीवर पळालो असतो. ती शांतपणे उठली. "आदी वही बघतो," म्हणाली. (आमच्याकडे मुलीसुद्धा बघतो, जातो असंच म्हणतात.) तिनं वही उघडली, शेवटची नोंद वाचली, मान वर करून एकदाच माझ्याकडे बघितलं आणि वही मिटली. मग गच्चीवर गेली. मीही मागोमाग छत्री घेऊन गेलो.

गुलाबी पिशवी तिथं इमानदारीत उभी होती. रेणुकानं तिच्याकडे बघितलं, तिन्ही गाठींकडे बघितलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "वाऱ्यानं आली असंल, सर."

आणि मी, तेवीस वर्षं नोकरी झालेला शिक्षक, काय म्हणालो? मी म्हणालो, "असंल. आज वारा लई हाय."

हे लिहितानाही मला लाज वाटते. नाडी भिजून घट्ट झाली होती, गाठी सुटेनात. शेवटी तिनं कटरनं नाडी कापली आणि खालून पद्मजानं ओरडून सांगितलं की हिरवा लागला. पिशवी आणि नाडी घेऊन आम्ही खाली आलो. मामा हात तसाच धरून बसले होते, पण जेवायला लागले नव्हते. काय झालं होतं ते त्यांना आधी कळायला पाहिजे होतं. रेणुकानं सांगितलं, डबीवर पिशवी अडकली होती.

मामांनी जरा विचार केला. मग अगदी मायेनं म्हणाले, "माझ्या शिवारात रोज धा पिशव्या उडतात, पोरी. एका पिशवीनं तुझं मशीन आंधळं झालं. मग शेतकऱ्यांस्नी तू काय सांगणार?"

"बरोबर हाय मामा," ती म्हणाली. "माझंच चुकलं. त्येचा इचार करायला पायजे हुता."

ती पानाकडे बघत होती. मला दिसलं की वखारीतलं काम तिच्या हातून चाललंय. माझ्यामुळे चाललंय, आणि ती मला वाचवण्यासाठी ते जाऊ देतेय. मला इथं असं लिहायला आवडलं असतं की मी ताबडतोब उभा राहिलो. खरं सांगायचं तर मी आधी एक पापड खाल्ला. तो संपल्यावर तोंड रिकामं झालं आणि पळवाट उरली नाही.

"पिशवी वाऱ्यानं न्हाय आली," मी म्हणालो. "मी बांधली."

पद्मजा दारात कापलेली नाडी घेऊन उभी होती. ती म्हणाली, "मला गाठी बघूनच कळलं होतं."

एकदा कबुली सुरू झाली की माझं थांबत नाही. आत घड्याळ घालूया असं रेणुका म्हणाली होती आणि मीच नको म्हणालो, हेही मी सांगून टाकलं. ते घड्याळ असतं तर पिशवी काय, अख्खं दुकान डबीवर घातलं असतं तरी सव्वाचारला रात्र झाली नसती. मग ओघात पाण्याच्या फिल्टरचंही सांगितलं. त्याची गरज नव्हती. मामांनी वही मागवली. आसन हलवायचं नव्हतं म्हणून पद्मजानं ती त्यांच्या डोळ्यांसमोर धरली, आणि त्यांनी माझी नोंद मोठ्यानं वाचली. ‘पावसापासून संरक्षण दिले.’ मामांना हसू आवरेना. उष्टा हात वर, डोळ्यांत पाणी, आणि डुलले तर आसन हलेल म्हणून आक्कानं त्यांचा खांदा धरलेला.

हसणं ओसरल्यावर त्यांनी रेणुकाला विचारलं, की वही तर तिनं आधीच वाचली होती, मग सरांचं नाव तेव्हाच का सांगितलं नाही?

"सरांनीच शिकवलंय, मामा. आदी बिघाड काढायचा. कुणी केला ते मागनं."

हे मी वर्गात खरंच सांगतो. इतक्या वर्षांत ते कुणी असं पाळलेलं मी बघितलं नव्हतं, आणि मी स्वतः तर कधीच पाळलं नव्हतं. मी तोंड फिरवून दोडक्याच्या भाजीकडे बघत बसलो.

"मग आता जेवू का मी?" मामांनी विचारलं. त्यांनी हे आक्काला विचारलं नाही, घड्याळाला विचारलं नाही. रेणुकाला विचारलं. ती म्हणाली, एक मिनिट. पुन्हा गच्चीवर गेली आणि तळहात ठेवून चाचणी घेतली. खाली दिवा लाल झाला, हिरवा झाला, पुन्हा लाल, पुन्हा हिरवा. मग जिन्यातूनच तिनं सांगितलं, "जेवा मामा. अजून दोन तास दिवस हाय. वहीत लिवून देतो."

मामा चार पोळ्या जेवले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, एका बैठकीत, दिव्याकडे एकदाही न बघता. हात धुतल्यावर त्यांनी रेणुकाला विचारलं की वखारीत कधीपासून येतेस, आणि ती एक तारखेपासून म्हणाली. आक्कानं तिच्या कपाळाला कुंकू लावलं. मी तेवढ्यात अभिनंदनाचं छोटं भाषण सुरू केलं होतं, पण मामांनी मला मधेच थांबवलं.

"सुकुमार, पयल्या तुकडीत तू पण नाव घाल."

रेणुका बिचारी ओशाळली. सरांना मी कसं शिकवणार, म्हणाली. मामा म्हणाले की त्यालाच तर आधी शिकवायला पाहिजे, शेतकरी निदान चालू मशीनला पिशवी बांधत नाहीत. पद्मजानं त्याच जागी माझा होकार देऊन टाकला.

तेव्हापासून दर रविवारी मी वखारीत जातो. अठरा शेतकरी आणि मी. रेणुका खरोखर अप्रतिम शिकवते. ठिबकचा फिल्टर ती आधी स्वतः उघडत नाही, ज्याचा आहे त्यालाच उघडायला लावते, आणि तो चुकला की गप्प बसून त्यालाच चूक सापडू देते. पिकल्या मिशांचे लोक तिच्यापुढे चपला बाहेर काढून बसतात, वह्या लिहितात, आणि एकमेकांच्या नोंदी तपासतात. मामा मागं खुर्ची टाकून बसतात आणि हे सगळं अभिमानानं बघतात. मीही बघतो. कधी कधी तिचं शिकवणं बघण्यात माझं शिकायचं राहून जातं.

हेच नडलं. गेल्या महिन्यात माझी वही अपुरी निघाली, दोन रविवार मी लग्नांना गेलो होतो, आणि सोलरच्या पंपाची एक वायर माझ्या हातून अशी जोडली गेली की पाणी विहिरीतून वर यायच्या ऐवजी टाकीतून विहिरीत जायला लागलं. रेणुकाचा नियम सगळ्यांना सारखा आहे. पुढच्या आठवड्यात घरी चिठ्ठी आली, ‘पालकांनी येऊन भेटावे.’

मी बावन्न वर्षांचा आहे. पद्मजानं चिठ्ठी वाचली आणि नेहमीच्या शांत आवाजात म्हणाली की पालक म्हणजे मी नाही, आणि ती आक्काच्या हातात दिली. आक्कानं ठेवणीतली साडी नेसली. मीच तिला गाडीतून निपाणीला घेऊन गेलो आणि वखारीबाहेर बाकावर मान खाली घालून बसलो. आत रेणुकानं माझी वही, माझी हजेरी आणि त्या विहिरीचा प्रकार सगळं नीट समजावून सांगितलं. आक्कानं शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या निम्म्याहूनही कमी वयाच्या त्या पोरीपुढे तिनं हात जोडले. तिचं बोलणं मला बाहेर स्वच्छ ऐकू आलं.

"बाई, पोरगं मनानं वाईट न्हाय. तेवढं पुढच्या बाकावर बसवा."

हल्ली मी पुढच्या बाकावर बसतो.